मुलगा २५चा झाला की ईसीएचएस कार्डाचं काय?

साताऱ्याकडच्या एका वहिनींचा प्रश्न आहे. यजमान नाईक पदावरून पेन्शनवर आले. मुलगा २३ वर्षं ४ महिन्यांचा. चौदाव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला, तेव्हापासून रोज चार वेळा इन्सुलिन. पदवी झाली, आता पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय, कमाई शून्य. वहिनी विचारतात, २५ पूर्ण झाली की त्याचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड बंद होणार असं योजनेच्या दवाखान्यात, पॉलिक्लिनिकमध्ये, सांगितलं, ते खरं का? अमेरिकेत सैनिकांच्या मुलांना २६ पर्यंत उपचार मिळतात असं पाहुण्यांतल्या कुणी सांगितलं. मग आपल्याकडे मुदत वाढवून घ्यायला अर्ज कुठे करायचा?

वहिनी, मी स्वतः फौजेत क्लार्क होतो. सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि पुढे बरीच वर्षं माजी सैनिकांची कार्डं, पीपीओ म्हणजे पेन्शनचे आदेश, आणि सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्रव्यवहार हेच काम केलं. आमच्या भागात पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर' म्हणतं, आणि मेजरच्या घरी कागदाची अडचण आली की माणसं अजूनही माझ्याकडे येतात. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आलेल्या आयांची संख्या मोठी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल.

पॉलिक्लिनिकमध्ये सांगितलं ते खरं आहे. मुलगा कमवायला लागेपर्यंत, त्याचं लग्न होईपर्यंत किंवा त्याला २५ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोपर्यंत तो वडिलांवर अवलंबून धरला जातो. मुलीला वयाची अट नाही. लग्न होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत तिचं कार्ड चालतं. विधवा किंवा घटस्फोटित मुलगी परत वडिलांच्या आधाराला आली, तर तिलाही उत्पन्नाच्या मर्यादेत राहून घेता येतं. ही मर्यादा महिन्याला ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता अशी धरतात. भत्ता ५० टक्के असेल तर १३,५०० रुपये. मुलाला मात्र २५ म्हणजे २५. शिकत असला तरी, बेकार असला तरी, आजारी असला तरी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेतही मुलाची मर्यादा हीच आहे आणि ईसीएचएस बहुतेक बाबतींत तिच्याच वाटेने चालते. कौटुंबिक पेन्शनमध्येही मुलाला हाच आकडा लागतो. म्हणून एकट्या पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर इन चार्जने मनात आणलं तरी तुमच्या मुलाला एक महिना वाढवून देणं त्यांच्या हातात नाही. मुदतवाढीचा असा अर्जच नाही. तुम्ही त्यासाठी खेटे घालू नका, त्यात तुमचे महत्त्वाचे महिने जातील.

एक वाट आहे, पण ती तुमच्या मुलासाठी नाही, हेही आताच सांगतो. ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असलेल्या आणि वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला वयाची अट लागत नाही, त्याचं कार्ड पुढेही चालू राहतं. अपंगत्व म्हणजे हातपाय एवढंच नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजार आहेत, मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मुलाला यातलं काही असेल तर २५ची वाट बघू नका. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करा, जिल्हा शासकीय रुग्णालयातल्या बोर्डाकडून टक्केवारी काढून घ्या आणि मुलाचं कार्ड चालू असतानाच ते प्रमाणपत्र ईसीएचएसच्या नोंदीला चढवा. त्याच वेळी पीपीओमध्येही त्याचं नाव घालून घ्या. वडील हयात असताना हे काम एका सहीवर होतं. ते गेल्यावर त्याच कामासाठी आईला वारस दाखला, उत्पन्नाचा दाखला, पालकत्वाचे कागद घेऊन फिरावं लागतं. मी अशा दोन आयांबरोबर स्वतः फिरलो आहे. ती दगदग कुणाच्या वाट्याला येऊ नये.

टाइप वन मधुमेह या २१ प्रकारांत नाही. रोज सुई टोचावी लागते, इन्सुलिन दोन दिवस चुकलं तर जिवावर बेततं, आणि तरीही कायद्याच्या नजरेत तो मुलगा धडधाकट. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोठी फट आहे, आणि तुमचा मुलगा नेमका तिथे उभा आहे. खोटी आशा देणाऱ्यांपासून सावध राहा. 'बोर्डाकडून ४० टक्के करून देतो' म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागलात तर पैसे जातीलच, वर वडिलांच्या कार्डावरही गंडांतर येऊ शकतं.

आता एक छोटी गोष्ट आजच करा. मुलाच्या कार्डावरची जन्मतारीख नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्याशी ताडून बघा.

हे एवढं ठासून का सांगतो, त्याला कारण आहे. कोरेगाव भागातल्या एका हवालदाराच्या मुलाला फिट यायच्या. औषधं महिन्याला पॉलिक्लिनिकमधून. जून महिन्यात आई नेहमीप्रमाणे औषधं घ्यायला गेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आठ वर्षांची फाइल. काउंटरवर कार्ड लावलं तर ते चालेना. मुलाला २५ झाली होती, संगणकाच्या हिशेबाने. आई सांगत होती की हा डिसेंबरमध्ये जन्मला, ऐन थंडीत, तेव्हा ह्याचे वडील सिक्कीमला होते. ती खरंच बोलत होती. पण शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख १ जून लिहिली होती, जशी आपल्याकडे निम्म्या पिढीची लिहिली गेली. शाळेचा दाखला जोडून युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीचा लष्करी आदेश, निघाली, तीच तारीख डिस्चार्ज बुकात आली, तीच कार्डावर. साडेसहा महिने हातचे गेले. दुरुस्ती करता आली असती, पण ती रेकॉर्ड ऑफिसमार्फत करावी लागते, त्याला महिने लागतात आणि तोवर डिसेंबर उजाडला. त्या दिवशी त्या माउलीने बाहेरच्या दुकानातून दहा दिवसांच्या गोळ्या घेतल्या, कारण तेवढेच पैसे जवळ होते. तारखेत फरक असेल तर तुमच्याकडे अजून २० महिने आहेत. दुरुस्तीला तेवढे पुरतात. उलट खरी तारीख आधीची निघाली, तर नवीन वादात पडू नका, खऱ्या तारखेचाच हिशेब धरून तयारी करा.

दुसरं. कार्ड कुठे आहे? बहुतेक घरांत ते गावी गोदरेजच्या कपाटात, साडीच्या घडीखाली असतं आणि मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर. प्रत्येक आश्रिताचं वेगळं कार्ड असतं आणि ते देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालतं. पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या खिशात ते असलंच पाहिजे. तातडीच्या वेळी तो थेट पॅनलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या, हॉस्पिटलात जाऊ शकतो, पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीची (रेफरलची) वाट बघायची गरज नसते, पण कार्ड दाखवावं लागतं. पॅनलवर नसलेल्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. डेंग्यूने पडलेल्या मुलांची बिलं बापांनी कर्ज काढून भरलेली मी पाहिली आहेत, आणि कार्ड मात्र कपाटात सुखरूप. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर ताप, उलट्या, जेवण न जाणं एवढ्यावरसुद्धा साखर चढून रक्तात आम्ल वाढू शकतं. त्याच्या पाकिटात कार्डाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: 'मला टाइप वन मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे', खाली वडिलांचा फोन नंबर.

आता या २० महिन्यांचं खरं काम.

कार्ड चालू आहे तोवर सगळ्या तपासण्या करून घ्या. टाइप वन निघून पाच वर्षं झाली की डोळ्यांचा पडदा आणि लघवीतून जाणारं प्रोटीन दरवर्षी तपासायचं असतं. तुमच्या मुलाला नऊ वर्षं झाली आहेत. हे होत नसेल तर पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना सांगून रेफरल घ्या. पायांच्या संवेदना, दात, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, सगळं. प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स वेगळ्या फाइलला लावा, कारण पुढे विमा कंपनी असो की सरकारी दवाखाना, नऊ वर्षांची सलग नोंद असलेल्या पेशंटकडे डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. मिलिटरी हॉस्पिटलात पहिल्यांदा ॲडमिट केलं होतं, तेव्हाचं डिस्चार्ज कार्डही शोधा. आणि डोळ्यांना लेझर लागेल किंवा दुसरं काही ठरवून करायचं निघालं, तर ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

मग विमा. इथे मी सगळ्या फौजी घरांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. ईसीएचएस आहे म्हणून आपण मुलाचा वेगळा विमा काढत नाही, आणि २५ला कार्ड बंद झालं की धावत जाऊन काढतो. हे उलटं आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. आधी तो ४८ महिन्यांपर्यंत असायचा. म्हणजे मुलगा २१-२२चा असताना पॉलिसी घेतली, तर प्रतीक्षेची तीन वर्षं ईसीएचएसच्या सावलीत निघून जातात, आणि कार्ड बंद होतं त्या दिवशी पॉलिसी पूर्ण ताकदीची असते. ज्यांची मुलं आज २१ची आहेत त्यांनी हे वाचून मोबाइल खाली ठेवायचा आणि हिशेब करायला बसायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. त्याआधी १८ टक्के लागायचा. कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत मुलाला घेतलं आणि वयामुळे तो पुढे त्यातून बाहेर पडला, तरी त्याला स्वतःच्या पॉलिसीत जाताना प्रतीक्षेचा पुरा झालेला काळ सोबत नेता येतो. तो हक्क आहे, एजंटाची मेहेरबानी नाही.

वहिनी, तुमच्यापुरतं गणित असं. आज पॉलिसी घेतली तर ३६ पैकी २० महिने कार्डाच्या आधारावर निघतील, उरलेले १६ उघड्यावर. मधुमेहामुळे होणाऱ्या गोष्टींचा खर्च त्या १६ महिन्यांत पॉलिसी देणार नाही. पण अपघात पहिल्या दिवसापासून आणि डेंग्यू, टायफॉइडसारखे आजार पहिले ३० दिवस सोडून देईल. अडचण पॉलिसी मिळण्याची आहे. बऱ्याच कंपन्या टाइप वन म्हटलं की प्रस्तावच परत करतात. मधुमेहींसाठीच्या खास पॉलिसी आहेत, त्यातल्या काही टाइप वनही घेतात, हप्ता चढा असतो. दोन-तीन ठिकाणी विचारा, नकार आला तर लेखी मागा. आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर आजार लपवू नका. एजंट सांगेल, 'काही लिहू नका, कोण बघतंय.' सलग ६० महिने हप्ते भरल्यावर माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर तिथेही सूट नाही. आणि नऊ वर्षांच्या ईसीएचएस नोंदी असताना लपवणार तरी काय?

सरकारी योजनेचं बघू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना आहे, पांढऱ्या कार्डालासुद्धा, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण फौजी घरात एक गंमत होऊन बसलेली असते, आणि ती त्रासाची गंमत आहे. मूल जन्मलं तेव्हा कुटुंब क्वार्टरमध्ये, कधी जबलपूर, कधी जोधपूर. गावच्या रेशनकार्डावर आजी-आजोबा आणि चुलत्यांची नावं, या मुलाचं नावच नाही. कार्ड होतं ईसीएचएसचं, त्यामुळे वीस वर्षं कुणाला त्याची गरजही पडली नाही. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन त्याचं नाव चढवा, आधार जोडा, रेशनकार्डाचा ऑनलाइन बारा अंकी नंबर आला का बघा. मग आयुष्मान कार्ड काढा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. कोणता उपचार यादीत आहे हे त्याच्याकडून आधीच विचारून ठेवता येतं. योजना ॲडमिट झाल्यावरच्या यादीतल्या उपचारांसाठी आहे. रोजचं इन्सुलिन त्यात बसत नाही.

आणि तुमचा खरा खर्च तर रोजच्या इन्सुलिनचाच आहे. विमाही ते देत नाही, फुले योजनाही देत नाही. ईसीएचएस गेल्याची झळ इथेच लागते. पेन आणि नव्या प्रकारचं इन्सुलिन, त्याच्या सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, हे सगळं बाहेरून घ्यायचं झालं तर नाईकाच्या पेन्शनीला मोठं भोक पडतं. तीन गोष्टी करून बघा. जिल्हा रुग्णालयात आणि पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत नाव नोंदवा. तिथे इन्सुलिन मिळतं, नोंदणी मात्र आतापासून असू द्या. जनऔषधी केंद्रात दर विचारा. ग्लार्जिन हे दिवसभर चालणारं इन्सुलिनही २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आलं आहे, त्यामुळे त्याच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. तिसरी गोष्ट डॉक्टरांशी बोलून ठरवायची: पेनमधल्या महागड्या इन्सुलिनऐवजी कुपीतलं साधं ह्युमन इन्सुलिन चालेल का? ते खूप स्वस्त पडतं. पण त्याचा वेळेचा हिशेब वेगळा असतो, जेवणाआधी अर्धा तास टोचावं लागतं. मेसमध्ये जेवणाऱ्या मुलाला हे कठीण जातं. टोचून बसला आणि मेसला रांग असली तर साखर खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून हा बदल करायचाच असेल तर आत्ता, ईसीएचएसचे डॉक्टर हाताशी आहेत तोवर, सुट्टीत घरी असताना करून बघा. स्वतःच्या मनाने मुळीच करू नका. आणि खोलीवर फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात दोन मातीची भांडी घ्या, एकात एक बसणारी, मधे ओली वाळू, आतल्या भांड्यात कोरड्या डब्यात इन्सुलिन. लातूरच्या एका पोराने याच पद्धतीने सदाशिव पेठेतल्या पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढले.

तयारी करता करता मुलाने छोटी नोकरी धरली तर? पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली, म्हणजे कामगार विमा योजनेखाली, येत असेल, तर त्याला ईएसआयचं कार्ड मिळतं. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि दवाखान्यातून औषधं, इन्सुलिनसुद्धा, मिळतं. टाइप वन असलेल्या मुलाने नोकरी निवडताना पगाराच्या बरोबरीने ही गोष्ट बघावी असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपन्यांच्या गट विम्यात आधीचे आजारही बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरतात. त्यासाठी एमपीएससी सोडा असं मी म्हणत नाही, तो निर्णय त्याचा. पण २५च्या वाढदिवसाला हातात काही नसण्यापेक्षा अर्धवेळ का होईना, पण विमा असलेली नोकरी बरी. कमवायला लागला की ईसीएचएसला कळवा. कार्ड चालतंय तोवर चालवा, असं सांगणारे खूप असतात. दरवर्षी पडताळणी होते, आणि पकडलं गेलं तर अख्ख्या घराचं सदस्यत्व अडकतं, त्यात तुम्ही दोघंही आलात.

आता अमेरिकेचं. पाहुण्यांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्याला जास्त शिकवणारं आहे.

तिथे सैनिकांच्या कुटुंबांसाठी ट्रायकेअर नावाची व्यवस्था आहे. तिच्यात मुलांना २१ पर्यंत, आणि पूर्णवेळ शिकत असतील तर २३ पर्यंत उपचार मिळायचे. मार्च २०१० मध्ये ओबामांच्या काळात आरोग्याचा मोठा कायदा झाला. त्यात खासगी विम्यावर असलेल्या आईबापांची मुलं २६ वर्षांपर्यंत त्यांच्याच विम्यात राहतील असं ठरलं, मुलाचं लग्न झालं असलं तरी. पण ट्रायकेअर वेगळ्या लष्करी कायद्याखाली चालते, म्हणून हा नियम तिला लागू झाला नाही. म्हणजे बँकेतल्या कारकुनाच्या मुलाला २६, आणि अफगाणिस्तानात लढणाऱ्याच्या मुलाला २१. साहजिकच ओरड झाली. न्यू मेक्सिकोचे मार्टिन हाइनरिक यांनी प्रतिनिधिगृहात आणि कोलोरॅडोचे मार्क युडॉल यांनी सिनेटमध्ये त्यासाठी विधेयकं मांडली. शेवटी जानेवारी २०११ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून मार्ग निघाला, आणि त्याच वर्षी 'ट्रायकेअर यंग ॲडल्ट' नावाची योजना सुरू झाली.

आता त्यातली मेख. इतरांच्या मुलांना आईबापाच्याच विम्यात जागा मिळाली. सैनिकाच्या मुलाला मात्र वेगळी पॉलिसी, वेगळा मासिक हप्ता. शिवाय तो अविवाहित असला पाहिजे, आणि त्याला स्वतःच्या नोकरीतून विमा मिळत असेल तर ही योजना नाही. सुरुवातीला हप्ता महिन्याला १८६ डॉलर होता. २०२५ मध्ये त्यातल्या एका प्रकाराचा ३३७ डॉलर आणि दुसऱ्याचा ७२७ डॉलर झाला. का वाढला? कारण कायद्यातच लिहिलं आहे की योजनेचा सगळा खर्च हप्त्यातूनच निघाला पाहिजे. ठणठणीत पोरगा एवढा हप्ता कशाला भरेल? ज्याला औषधं लागतात तोच भरतो. फक्त आजारी माणसं उरली की प्रत्येकामागे खर्च वाढतो, खर्च वाढला की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की उरलेसुरले धडधाकटही बाहेर पडतात. २६ पर्यंत वाढवून मिळालं हे खरं, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याच्याच गळ्याला फास.

म्हणून आपल्याकडे संघटनांच्या बैठकांत 'अमेरिकेसारखं करा' असं कुणी म्हणालं की मी हात वर करतो. आपली ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली ती वेगळ्या पायावर. आताच्या दराने हवालदारापर्यंतच्या जवानाने एकदाच ३०,००० रुपये भरायचे, जेसीओने (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००, अधिकाऱ्याने १,२०,०००, आणि मग नवरा-बायको, आईवडील, मुलं सगळी त्यात. तरुण, म्हातारे, निरोगी, आजारी, सगळ्यांचा भार सगळ्यांवर. २५ ते २८ वयाची मुलं दवाखान्यात जातातच किती? सगळ्यांना सामावून घेतलं तर दरडोई बोजा थोडा. फक्त आजाऱ्यांना वेगळं काढून हप्ता लावला तर तो कुणालाच झेपायचा नाही. माझी मागणी दोन भागांची आहे. शिकणाऱ्या आणि बेकार मुलाला २८ पर्यंत ठेवा. स्पर्धा परीक्षांनी मुलांचं कमावतं वय कुठल्या कुठे नेऊन ठेवलंय, आणि २५चा आकडा जुन्या काळातला आहे, जेव्हा विसाव्या वर्षी पोरगा भरतीला जायचा. दुसरा भाग मला जास्त जवळचा. ज्या मुलाला २५च्या आधीच ईसीएचएसमध्ये आयुष्यभराच्या आजारावर उपचार चालू आहेत, टाइप वन असेल, फिट्स असतील, किडनीचं असेल, त्याचं कार्ड तो स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत बंद करू नका, मग २१ प्रकारांत आजार बसो वा न बसो.

(जाता जाता एक. अग्निवीर म्हणून चार वर्षं करून परत आलेल्या मुलांना स्वतःची ईसीएचएस नाही. बापाच्या कार्डावरून उतरलेला आणि स्वतःचं कार्ड नसलेला असा फौजी पोरगा आपल्या गावांत आता दिसायला लागेल. त्यांच्यासाठीही वेगळं बोलावं लागणार आहे.)

तर अर्ज कुठे करायचा, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एकट्याचा अर्ज नाही, निवेदन. ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आणि ईसीएचएसच्या रिजनल सेंटरमार्फत दिल्लीला माजी सैनिक कल्याण विभागाकडे जातं. त्याने तुमच्या मुलाला २० महिन्यांत काही मिळेल असं मी म्हणणार नाही. पण नुसतं 'वय वाढवा' असं लिहिलेली निवेदनं फाइलला लागून राहतात, हे मी अनुभवाने सांगतो. किती मुलं, कोणता आजार, महिन्याला औषधाचा खर्च किती, कार्ड बंद झाल्यावर त्यांनी काय केलं, हे आकड्यांत लिहिलं तर वाचणाऱ्याला बाजूला सारता येत नाही. आम्ही आमच्या तालुक्यातून अशी माहिती गोळा करतोय. तुमच्या मुलाचा इन्सुलिन, सुया आणि पट्ट्यांचा महिन्याचा हिशेब बाजारभावाने काढून मला पाठवाल का? त्याचं नाव कुठेही येणार नाही, फक्त 'नाईक, मुलगा, २३, टाइप वन' एवढंच लिहीन. पण आधी त्याला विचारा, आणि त्याची हरकत नसेल तरच पाठवा.